जोडीतला एक गेला, नाव मात्र दोघांचं

मी तुमच्या बचत गटांची समन्वयक बोलते आहे. या कार्यक्रमात आपण नेहमी बचत, परतफेड आणि हिशेबाच्या वह्या यांबद्दल बोलतो. आज मी गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांच्या गोष्टी सांगणार आहे. गोष्टी गाण्याच्या असल्या तरी विषय आपलाच आहे, ते पुढे कळेलच.

पेण आणि रोहा तालुक्यांत गावोगाव फिरताना एक प्रश्न माझ्या कानावर पुन्हा पुन्हा येतो. "ताई, आमची सचिव गेली. आता गट कसा चालायचा?" गेली म्हणजे कधी वारली, कधी नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याला गेली, कधी मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती तिकडेच राहिली. कागदावर गट दहा-बारा जणींचा असतो. प्रत्यक्षात त्यात एखादी अशी असते की वही तीच लिहिते, बँकेत तीच बोलते, भांडण झालं तर तीच मिटवते. तिच्या जिवावर बाकीच्या निर्धास्त असतात. आणि ती गेली की महिनाभर बैठकच होत नाही. मग दुसरा महिना जातो, तिसरा जातो, आणि कुणीही न ठरवता गट बंद पडतो.

वाजवणाऱ्यांच्या जगात हा प्रसंग फार वेळा येतो. आपल्याकडे भजनी मंडळाचे बुवा गेले की झीलकऱ्यांना सुचेनासं होतं. आगरी लग्नात धवले म्हणणाऱ्या धवलारणींपैकी जी पुढे म्हणते, ती अंथरुणाला खिळली की बाकीच्या विचारात पडतात, कारण धवले तिच्या तोंडात असतात. बेंजो पार्टीतला बेंजोवाला दुबईला गेला की सुपाऱ्या थांबतात. शहरांत आणि परदेशांत रॉक बँड असतात, त्यांचंही असंच होतं. रॉक बँड म्हणजे वरातीपुढचा बँड नव्हे. चार-पाच जण मिळून स्वतः गाणी रचतात, स्वतः वाजवतात आणि गातात. आठ-दहा गाणी जमली की ती एकत्र बाहेर काढतात, त्याला अल्बम म्हणतात. यातला मुख्य माणूस गेल्यावर पुढचा अल्बम करायचा की नाही, केला तर कुणाच्या नावाने, आणि त्याची गाणी कुणी म्हणायची, हे प्रश्न त्यांच्यापुढे येतात. आपल्या गटांपुढेही हेच प्रश्न येतात, म्हणून त्यांनी काय केलं ते पाहू.

पहिली गोष्ट आपल्या मराठी माणसांची आहे. लग्नात नवऱ्या मुलाचे बूट लपवायचं गाणं तुम्हाला माहीत आहे. आपल्यातल्या कित्येकींच्या हळदीत आणि वरातीत ते वाजलं आहे. ते 'हम आपके हैं कौन' या 1994 च्या चित्रपटातलं. त्याच्या आधी 1989 मध्ये 'मैंने प्यार किया' आला, त्यातलं कबुतराचं गाणं आठवत असेल. आणखी मागे जायचं तर 1981 चा 'हमसे बढकर कौन' घ्या. त्यातलं गणपतीचं गाणं वाजलं नाही असा गणेशोत्सव मी पाहिलेला नाही, आणि मी तर गणपतींच्या पेणजवळ राहते. या तिन्ही चित्रपटांना संगीतकार म्हणून एकच नाव आहे, राम-लक्ष्मण.

नाव ऐकून वाटतं की दोघं जण शेजारी बसून चाल बांधत असतील. पण ही तिन्ही कामं झाली तेव्हा त्यातले राम हयात नव्हते.

राम म्हणजे सुरेंद्र हेंद्रे आणि लक्ष्मण म्हणजे विजय पाटील. विजय पाटील नागपूरचे. गाण्याचे धडे घरातूनच मिळाले, पुढे मुंबईला आले. दादा कोंडके यांनी या दोघांना आपल्या चित्रपटांत घेतलं. 1975 चा 'पांडू हवालदार' आठवा, त्याचं संगीत राम-लक्ष्मण यांचं. मराठीत जम बसला आणि हिंदीतून राजश्रीचं बोलावणं आलं. 'एजंट विनोद' नावाचा चित्रपट हाती आला, आणि त्याच सुमारास राम वारले. चित्रपट 1977 मध्ये पडद्यावर आला तो लक्ष्मण यांनी एकट्याने पुरा करून.

आता विचार करा. माणूस मुंबईत, हातात पहिलं मोठं हिंदी काम आणि जोडीदार गेलेला. त्यांना सरळ 'संगीत : विजय पाटील' असं लावता आलं असतं. कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी 'राम-लक्ष्मण' हेच नाव चालू ठेवलं, आणि त्यात रामाचं नाव पहिलं. पुढची चार दशकं हेच नाव राहिलं. हिंदी, मराठी, भोजपुरी, सगळीकडे तेच. 'मैंने प्यार किया'साठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो राम-लक्ष्मण या नावाला. महाराष्ट्र शासनाने 2018 चा लता मंगेशकर पुरस्कार दिला तेव्हाही लोकांनी विजय पाटील यांना ओळखलं ते याच नावाने. 22 मे 2021 रोजी नागपूरला ते गेले, तोवर हे नाव त्यांनी सोडलं नाही.

यात एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नका. राम गेले तेव्हापासून 'मैंने प्यार किया'पर्यंत बारा-तेरा वर्षं मध्ये गेली. जोडीदार गेल्यावर लगेच मोठं यश मिळालं, असं झालं नाही. छोटी-मोठी कामं करत राहावं लागलं. आपल्या गटातही मुख्य बाई गेल्यानंतरचं पहिलं वर्ष ओढाताणीचं जातं. एका हंगामात पूर्वीसारखी विक्री झाली नाही म्हणजे गट संपला, असा निकाल लावू नका.

नावाचं सांगायचं कारण असं. परवाच एका गटात चर्चा चालली होती की नवीन नाव घ्यावं, जुन्या नावाने तिची आठवण येते. मी म्हटलं, आठवण येऊ द्या की. नावाशी आठवणच नव्हे, बँकेतली पतही जोडलेली असते. दहा वर्षांची नियमित परतफेड ज्या नावावर आहे ते नाव टाकून नव्याने सुरुवात केली, तर पुढच्या कर्जाला पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहावं लागतं. ती पत गेलेल्या बाईनेही कमावलेली असते. ती टाकून देणं म्हणजे तिचीच कमाई टाकणं.

दुसरी गोष्ट एका खऱ्याखुऱ्या रॉक बँडची. बँडचं नाव इंडियन ओशन, म्हणजे हिंदी महासागर. दिल्लीतला बँड, 1990 मध्ये सुरू झालेला. आपल्या मातीतली गाणी गिटार आणि तबल्यावर वाजवणारी ही मंडळी. त्यातले राहुल राम नर्मदा आंदोलनात होते आणि नर्मदामाईचं एक गाणं तिथूनच या बँडकडे आलं. या बँडमध्ये असीम चक्रवर्ती मांडी घालून बसत, तबला वाजवत आणि वाजवता वाजवताच गात. दोन कामं एका माणसाची. तोच बँडचा मुख्य गळा.

25 डिसेंबर 2009 रोजी असीम वारले. तेव्हा एका अल्बमचं काम झालेलं होतं, असीम यांचा आवाज त्यात होता. बँडने 2010 मध्ये ती गाणी लोकांपुढे आणली. एकदम आणली नाहीत, दर महिन्याला एक याप्रमाणे सात गाणी, आणि तीही इंटरनेटवर फुकट. अल्बमला नाव दिलं '16/330 खजूर रोड'. हा पत्ता आहे. दिल्लीत करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात ही मंडळी वर्षानुवर्षं सराव करत होती, त्या घराचा. गेलेल्या मित्राची शेवटची गाणी, आणि त्यांना नाव दिलं ते सगळे मिळून जिथे बसत त्या जागेचं. मला हे फार आवडलं. आपल्या गटालाही अशी एक पडवी असते.

पण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. असीम यांच्या जागी त्यांनी दोघांना घेतलं. गायला हिमांशू जोशी आणि तबल्याला तुहीन चक्रवर्ती. एका माणसाचं काम दोघांत वाटलं. मग 2014 मध्ये 'तंदानु' हा अल्बम आला. असीम यांच्याशिवाय केलेला हा पहिला. त्यात सात गाणी आणि प्रत्येक गाण्यात बाहेरचा एकेक पाहुणा कलाकार. शंकर महादेवन आणि शुभा मुद्गल हे त्या पाहुण्यांतलेच. अडचणीच्या वेळी दार लावून न बसता त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारली. त्याच सुमारास गिटार वाजवणारे सुष्मित सेनही बँडमधून बाहेर पडले होते. ज्या दोघांनी बँड सुरू केला ते दोघंही उरले नाहीत. तरीही 2023 मध्ये 'तू है' नावाचा नवा अल्बम आला आणि बँड आजही वाजवतो आहे.

हे ऐकल्यावर मला आपल्या सचिवांची आठवण होते. सचिव गेली की आपण लगेच म्हणतो, "तिच्यासारखी दुसरी कुठून आणायची?" तिच्यासारखी दुसरी नसतेच. पण तिची कामं मोजता येतात. पुढच्या बैठकीत एक कोरा कागद घ्या आणि ती काय काय करत होती ते सगळ्या मिळून लिहा. बैठकीचं इतिवृत्त लिहिणं, बचत मोजून घेणं, पासबुक भरून आणणं, कर्जाचे हप्ते आठवून देणं, ऑर्डरचे फोन घेणं, मालाचं वजन तपासणं, रुसलेलीच्या घरी जाऊन येणं. कागद भरेल. मग एकेका कामापुढे एकेक नाव टाका. रुसवे काढणारी आणि हिशेब लिहिणारी एकच बाई असावी, असा कुठे नियम आहे?

पेण तालुक्यातल्या एका गटाचं सांगते. पोह्याचे पापड करणारा गट. पीठ भिजवायचं काम एकाच मावशींकडे. पापडखार किती, हिंग किती, पाणी किती, सगळं हाताच्या अंदाजाने. मावशी संक्रांतीनंतर गेल्या आणि हंगाम तोंडावर आला. ऑर्डर घेतलेल्या होत्या. मावशींच्या सुनेने बघून बघून शिकलं होतं, पण स्वतः कधी पीठ भिजवलं नव्हतं. पहिल्या घाण्याला खार जास्त पडला, पापड तळल्यावर लाल आले आणि जिभेला कडसर लागले. एक बाई चिडून म्हणाली, "मावशी असत्या तर असं झालं नसतं." सून तिथेच रडली. तेव्हा गटातल्या सगळ्यांत वयस्कर आजींनी त्या बाईला सुनावलं, "मावशीचा पहिला घाणा मी बघितलाय. तोही लालच आला होता. गप लाट्या कर." त्या दिवसापासून वजनकाटा आणला. खार मोजून टाकू लागल्या आणि ते माप वहीत लिहिलं. पिठाला सून आणि ऑर्डरला दुसरी एक जण. गिऱ्हाइकांना स्वच्छ सांगितलं की मावशी वारल्या, हात नवा आहे, चवीत काही वाटलं तर सांगा. काहींनी सांगितलंही. तिसऱ्या घाण्यापासून पापड पांढरे फुलले. मावशींसारखे आहेत का? नाहीत. सून मिरी जरा जास्त टाकते. काहींना ते जास्त आवडतात.

नव्या माणसाला जुन्याची नक्कल करायला लावू नये, हे त्या आजींनी ओळखलं होतं. परदेशातली एक गोष्ट इथे शोभेल. ऑस्ट्रेलियात एसी/डीसी नावाचा मोठा रॉक बँड आहे. त्यांचे गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी 1980 मध्ये अचानक वारले. बँड थांबायच्या बेतात होता. बॉनच्या घरच्यांनीच त्यांना पुढे जायला सांगितलं, असं ती मंडळी सांगतात. ब्रायन जॉन्सन हे नवे गायक आले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नवा अल्बम निघाला, 'बॅक इन ब्लॅक'. दुखवटा म्हणून वेष्टण सगळं काळं. सुरुवात घंटेच्या टोलांनी. पण गाणी नवी आणि गळा नव्या माणसाचा. जगात सर्वांत जास्त खपलेल्या अल्बमांत त्याची गणना होते. दुखवटा पाळला आणि कामही केलं, दोन्ही एकाच वेळी.

यातली घरच्यांची गोष्ट आपल्यासाठी मोठी आहे. गटातली बाई वारली की आपण तेराव्याला जाऊन येतो, आणि नंतर तिच्या घराकडे जायला आपल्यालाच अवघड वाटतं. जा. तिच्या नवऱ्याला, सुनेला, लेकीला सांगा की गट चालू ठेवतो आहोत, तिचं नाव घेऊन चालू ठेवतो आहोत. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. तिची बचत, त्यावरचा नफ्याचा वाटा आणि तिच्या नावावरचं कर्ज यांचा हिशेब लिहून न्या. तिने ज्या तारखेपर्यंत काम केलं, त्या तारखेपर्यंतची मजुरी तिच्या घरी पोचली पाहिजे. तिच्या बँक खात्यातून दरवर्षी 436 रुपये कापले जात असतील, तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे आणि वारसाला 2 लाख रुपये मिळतात. पुष्कळ घरांत हे माहीतच नसतं. मृत्यूचा दाखला घेऊन उशीर न करता बँकेत जायला हवं, आणि सोबत गटातली एक जण हवी. गटाच्या खात्यावर तिची सही असेल तर बैठकीत ठराव करा, नवी सही कुणाची ते लिहा आणि ठरावाची प्रत बँकेत द्या. तोवर खातं अडकून पडतं आणि त्याचा राग उगाच गेलेल्या बाईवर निघतो.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर माझं बोलणं अर्धं राहील. त्याच 1980 साली, सप्टेंबर महिन्यात इंग्लंडच्या लेड झेपेलिन या तितक्याच मोठ्या बँडचे ड्रम वाजवणारे जॉन बोनम वारले. उरलेले तिघं एकत्र बसले आणि डिसेंबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की आमचा बँड आता संपला. त्याच्याशिवाय आम्ही ते राहत नाही, असं त्यांना वाटलं. एकाच वर्षात दोन बँड, एक पुढे गेला आणि एक थांबला. दोघांनाही आज लोक मान देतात. कारण दोघांनीही बसून, बोलून ठरवलं.

गट थांबवणं हा गुन्हा नाही. रोह्याकडचा एक गट असाच थांबला. त्यांची अध्यक्ष गेल्यावर दोन बैठका नीट चर्चा झाली. निम्म्या जणी वयाने थकल्या होत्या, दोघींना धाटावच्या कारखान्यांत काम मिळालं होतं. त्यांनी बँकेचं कर्ज फेडलं, येणं वसूल केलं, शिल्लक बचतीच्या प्रमाणात वाटली, शेवटचं इतिवृत्त लिहून सगळ्यांनी सह्या केल्या आणि खातं बंद केलं. चौघी जणी शेजारच्या गटात गेल्या. अध्यक्षबाईंच्या मुलाला तिचा वाटा सगळ्यांसमोर दिला. आज त्या गावात कुणी कुणाशी अबोला धरलेलं नाही. न ठरवता बंद पडलेल्या गटांत मात्र दहा वर्षांनीही "माझे पैसे तिने खाल्ले" असं ऐकू येतं, आणि जिच्याबद्दल बोलतात ती उत्तर द्यायला नसते.

म्हणून माझं सांगणं एवढंच. आपल्यातली कुणी गेली तर पहिल्या महिन्याची बैठक चुकवू नका. त्या दिवशी वही उघडली नाही तरी चालेल. तिच्याबद्दल बोला, रडायचं तर रडा. दुसऱ्या बैठकीत कागद घेऊन कामांची यादी करा. तिसऱ्या बैठकीत ठरवा, चालवायचं की थांबवायचं. आणि हे कुणी जाण्याची वाट कशाला पाहायची? ज्या गटात एकच बाई वही लिहिते, त्या गटाने या महिन्यापासून दुसरी एक तिच्या शेजारी बसवावी. पिठाचं माप, गिऱ्हाइकांचे फोन नंबर, बँकेतल्या कागदांची फाईल, हे दोघींना माहीत असू द्या. जी आज सगळं सांभाळते तिलाही जरा हलकं वाटेल. तिला कधी आजारी पडायची सवड तरी मिळू द्या.

गणपती जवळ आले की पेणच्या रस्त्यांवर, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत ते 1981 चं गाणं लागेलच. मूर्ती रंगवताना कानावर पडलं, तर शेजारच्या बाईला सांगा की या गाण्यावर ज्यांचं नाव आधी लागतं, ते राम ते गाणं व्हायच्या आधीच गेले होते. जोडीदाराने नाव पुढे नेलं म्हणून ते आजही घेतलं जातं.

पुढच्या आठवड्यात नेहमीच्या वेळी भेटू. तुमच्या गटात असं काही घडलं असेल तर बैठकीत मला जरूर सांगा. नमस्कार.